बदके, राजहंस आणि मेंढ्या एकाच आवारात

प्रश्न : आमची दीड एकर जमीन असून तिच्यात छोटे शेततळे आहे. वीस खाकी कॅम्पबेल बदके, चार राजहंस आणि आठ दख्खनी मेंढ्या पाळण्याचा विचार आहे. सर्वांना एकच निवारा आणि एकच तळे चालेल का? बदके अंडी उबवतील का?
– एक वाचक, भोर तालुका (जि. पुणे)

उत्तर : आवार एक असण्यास हरकत नाही, निवारा, खाद्य आणि पाणवठा मात्र वेगळे ठेवावेत. बदक जिथे राहते तिथे चिखल होतोच, आणि चिखल हा मेंढीचा वैरी आहे. ओलीत उभे राहून तिचे खूर मऊ पडतात, सडतात आणि ती लंगडू लागते. त्याहून मोठा धोका तळ्याच्या काठावर असतो. तेथील छोट्या गोगलगायींमध्ये लिव्हर फ्लूक या चपट्या कृमींची वाढ होते, पुढे ते काठच्या गवताला चिकटतात आणि ते गवत खाल्लेल्या मेंढीच्या यकृतात शिरतात. मेंढी खंगत जाऊन तिच्या जबड्याखाली पाणी साठलेले दिसले, तर तातडीने पशुवैद्यकाला दाखवावे. बदके या गोगलगायी आवडीने खातात, म्हणून तळ्याचा काठ कुंपण घालून त्यांनाच द्यावा. मात्र तेवढ्याने गोगलगायी पूर्ण संपतील असे समजू नये. मेंढ्यांचा वाडा उंचवट्यावर बांधावा आणि त्यांना पिण्याचे पाणी कुंडीत द्यावे.

खाद्याविषयी मी आग्रहाने लिहितो, कारण येथे चूक सहज होते. पक्ष्यांच्या तयार खाद्यात तांबे मिसळलेले असते आणि मेंढीला ते इतर जनावरांपेक्षा फार कमी प्रमाणात सोसते. तांबे यकृतात साठत राहते, बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी लघवी गडद लाल होऊन, डोळे पिवळे पडून मेंढी दगावते. म्हणून बदकांचे खाद्य मेंढीचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे आणि गाईगुरांचे खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. मोरचुदाचे (तांब्याच्या क्षाराचे) बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारलेल्या झाडांखालीही त्यांना चारू नये. खूर सडू नयेत म्हणून ते औषधात बुडवण्यासाठी मोरचुदाऐवजी दहा टक्के झिंक सल्फेटचे द्रावण वापरावे. बदकांच्या बाबतीत बुरशी लागलेला मका आणि शेंगदाणा पेंड कटाक्षाने टाळावी, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदके कोंबड्यांपेक्षाही लवकर बळी पडतात.

राजहंस मुख्यतः गवतावर जगतात, त्यामुळे ते मेंढ्यांबरोबर चरू शकतात. विणीच्या काळात मात्र नर चिडखोर होतो आणि कोकरांच्या अंगावर धावतो. तेवढे दिवस त्याला वेगळे ठेवावे. परका माणूस दिसताच ते गोंगाट करतात, पण कुत्र्यापासून किंवा बिबट्यापासून स्वतःचा बचाव करू शकत नाहीत, तेव्हा रात्री त्यांना कोंडावेच.

खाकी कॅम्पबेल अंडी भरपूर घालते, परंतु सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवत नाही. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत त्यांना बाहेर सोडू नये, म्हणजे अंडी तळ्याकाठी हरवणार नाहीत. खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली आठेक अंडी ठेवावीत. कोंबडीची पिल्ले एकवीस दिवसांत निघतात, बदकांना अठ्ठावीस दिवस लागतात. तेवढे दिवस कोंबडीला दाणापाणी जवळच द्यावे. कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांच्या लवेला आई-बदकाच्या अंगचे, पाण्याने भिजू न देणारे तेल लागलेले नसते, म्हणून त्यांना सुरुवातीचे काही आठवडे पोहू देऊ नये. चोच आणि डोळे बुडतील एवढे पाणी उथळ भांड्यात पुरेसे आहे.