नागपुरात संडास-बाथरूमचं पाणी शेवटी जातं कुठे?

उताराने पूर्वेकडे. घराचं चेंबर गल्लीतल्या गडर लाइनला, ती मोठ्या लाइनला जोडलेली असते. बहुतेक वाट पाणी आपोआप वाहतं, उतार संपला की पंप लागतो. नाग नदीही पूर्वेलाच वाहते, म्हणून मोठं शुद्धीकरण केंद्र तिकडे, भांडेवाडीला. तिथे गाळ काढतात, मग जिवाणूंना हवा पुरवून उरलेली घाण त्यांच्याकडून फस्त करवतात. गंमत पुढे आहे: शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. म्हणजे आपला फ्लशही विजेच्या कामी येतो! जे लाइनला लागतच नाही, ते नाग नदीतून कन्हान, वैनगंगा करत गोसेखुर्दच्या जलाशयात. आणि गच्चीचं पावसाचं पाणी चेंबरमध्ये सोडू नका बाप्पा, लाइन तुंबली की तेच तळमजल्याच्या मोरीतून वर येतं.