सगळीकडे चालेल आणि अंगाला नीट बसेल अशी जीन्स पुरुषांनी कशी निवडावी?

तुम्हाला ऑफिस, प्रवास आणि सुट्टीचा दिवस अशी तिन्हीकडे वापरता येईल अशी एकच जीन्स हवी आहे. अडचण अशी, की कंबरेला बसणारी मांडीत आवळते आणि मांडीत बसणारी कंबरेला ढगळ होते. शेवटी काळी घेऊ की निळी, असंही विचारलंय.

मांडीत आणि बैठकीत बसते तीच घ्या. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून एखाद-दीड इंच सहज आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांकडे सरकतात आणि चटकन नजरेत भरतात. मांडी वाढवणं मात्र कुठल्याच टेलरच्या हातात नसतं. साध्या पँटला आत जादा कापड सोडलेलं असतं. जीन्सची पायाची आतली शिवण सहसा दोन्ही कडा एकमेकांत दुमडून वरून दुहेरी टीप मारलेली असते. ती उसवली तरी सोडायला कापड निघत नाही. म्हणून 'वापरून सैल होईल' या भरवशावर मांडीत घट्ट जीन्स घेऊ नका. कंबरपट्टा वापराने थोडा सैल होतो, मांडीत तेवढा फरक पडत नाही.

मांडीचं माप उभं राहून बघा. बाजूचं कापड चिमटीत धरलं तर दोन्ही बाजूंचं मिळून इंचभर यायला हवं. आरशात पुढून पाहताना जांघेपासून दोन्हीकडे आडव्या रेषा ताणलेल्या दिसल्या तर ती घट्ट आहे. मागून पाहताना बैठकीखाली कापड लोंबत असेल तर मोठी. मग खुर्चीत बसा, उकिडवे बसा. मोबाइल आणि पाकीट खिशात घालूनच बसा, कारण रोज तशीच वापरणार आहात. बसल्यावर मागे कंबरपट्टा पाठीपासून सुटत असेल किंवा शर्ट बाहेर येत असेल तर बहुतेक वेळा 'राइज' कमी पडतो आहे. राइज म्हणजे जांघेतल्या शिवणीपासून कंबरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची. लोक याकडे फारसं लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते जीन्स अंगावर शोभते की नाही हे निम्मं इथेच ठरतं. मिड राइज घ्या. मध्यम बांध्याला पुढून साधारण 10 ते 11 इंच पुरतात. शर्ट खोचला तरी चांगली दिसते, बाहेर सोडला तरीही.

लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. 32 लिहिलेली जीन्स प्रत्यक्ष मोजली तर 34 भरू शकते, आणि हा फरक कंपनीगणिक बदलतो. तुमच्याकडची एखादी नीट बसणारी पँट सपाट पसरून कंबर, राइज, जांघेखाली इंचभर अंतरावर मांडी, खालचा बॉटम (पायाच्या खालच्या कडेची रुंदी) आणि आतली लांबी टेपने मोजून ठेवा. ऑनलाइन घेताना याच मापांशी ताडून बघा.

कटचं म्हणाल तर स्ट्रेट कुणालाही चालतो. तुमच्यासारखी मांडी भरलेली असेल तर टेपर्ड बघा, म्हणजे वर मोकळी आणि गुडघ्याखाली निमुळती. बॉटम सपाट मोजून 7 ते 8 इंच असला की चामडी बुटांवरही शोभतो आणि कॅनव्हासच्या बुटांवरही. स्किनी, म्हणजे पायाला वरपासून खालपर्यंत चिकटणारी, या कामाची नाही.

रंग गडद निळा. कुठेही विटवलेली, घासलेली, फाडलेली नको. ऑफिसात ती लगेच खटकते. डेनिमचे, म्हणजे जीन्सच्या कापडाचे, उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात, म्हणून कापड आतून फिकं दिसतं. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही. जिथे घासलं जातं तिथला वरचा थर जातो आणि आतला पांढरा दिसू लागतो. त्यामुळे गडद जीन्स आपल्या बसण्या-उठण्याप्रमाणे हळूहळू विटते, आणि ते कारखान्यात विटवलेलीपेक्षा कितीतरी देखणं दिसतं. सुरुवातीला मात्र तिचा रंग फिक्या बुटांना आणि सोफ्याला लागतो, तेवढं सांभाळा.

कापडाचं वजन चौरस यार्डाला औंसात सांगतात. 12 ते 14 औंसांचं कापड आकार धरून ठेवतं आणि अंगावर जडही होत नाही. उष्ण हवेत राहत असाल तर 10-11 औंस घ्या. इलास्टेन (कापडाला ताण देणारा धागा) 1-2 टक्के असेल तर बसायला बरं पडतं. फार ताणणारं कापड घेतलं तर काही महिन्यांत गुडघ्यांना फुगे येतात.

लांबी कापून घेण्याआधी एकदा धुवा, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं. टेलरला खालची मूळ कड तशीच ठेवून लांबी कमी करायला सांगा. नवीन दुमड घालणार असेल तर दोरा मूळ शिवणीच्या रंगाचा वापरायला सांगा, नाहीतर पांढऱ्या-काळ्या दोऱ्याची टीप लांबून ओळखू येते. बुटावर एखादी हलकी घडी पडेल इतकीच लांबी ठेवा. पुढे धुताना उलटी करून, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. गरम पाण्याने आणि ड्रायरने इलास्टेन लवकर मरतं.

आता काळी की निळी? एकच घेणार असाल तर निळी. काळी संध्याकाळी छान दिसते, पण धुऊन धुऊन राखाडी झाली की ऑफिसात जुनाट वाटते. आधी निळी काही महिने वापरा, माप पक्कं झालं की त्याच कटची काळी खुशाल घ्या. तेव्हाही घालून बघाच, कारण एकाच मॉडेलच्या दोन रंगांचं कापड वेगळं असू शकतं आणि मांडीतला फरक तिथेच कळतो.