फिलिपिन्समधील बानाउए गावची डोंगरउतारावरची पायऱ्यांसारखी भातखाचरे खरोखरच दोन हजार वर्षे जुनी आहेत का, आणि तेथील शेती आज कशी चालते?

दोन हजार वर्षांचा आकडा पर्यटनपत्रकांत सर्रास छापला जात असला, तरी तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अंदाजावर आधारलेला आहे. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबाडो यांच्या उत्खननांनुसार, बानाउए ज्या इफुगाओ प्रांतात आहे तेथे पाण्यातील भातशेती सुमारे 400 वर्षांपूर्वी, म्हणजे स्पॅनिश सत्तेपासून दूर राहण्यासाठी लोक डोंगरांत वर सरकले त्या काळात फोफावली. मला हे मत अधिक पटते. त्यामुळे खाचरांचे मोल कमी होत नाही, उलट इतके काम एवढ्या थोड्या पिढ्यांत झाले याचेच नवल वाटते.

खाचरांच्या माथ्यावर कुटुंबाच्या मालकीचे ‘मुयोंग’ नावाचे राखीव रान असते. ते पावसाचे पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी पाटांनी एका खाचरातून खालच्या खाचरात उतरते. ‘तिनावोन’ हे स्थानिक भात वर्षातून एकदाच पिकते. बायका एकेक लोंबी हाताने खुडतात आणि कापणीच्या वेळी ‘हुदहुद’ ही दीर्घ कथागीते गातात.

बानाउएतील बाताद व बांगाआन ही खाचरे 1995 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. पुढे तरुण शहरांकडे गेले, बांध ढासळू लागले आणि 2001 ते 2012 या काळात हे स्थळ धोक्यातील वारशांच्या यादीत राहिले. गंमत म्हणजे नोटेवर छापलेले, पर्यटकांच्या ओळखीचे बानाउएचे मुख्य दृश्य मात्र वारसा क्षेत्रात मोडतच नाही.