वाचक विचारतात : एडमंटनने ती दोन पोरं का जाऊ दिली?

प्रश्न : ताई, २४ जून २०२४ ला आपला एडमंटनचा आइस हॉकी संघ, ऑयलर्स, अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाच्या संघाकडून २-१ असा हरला. एनएचएल या हॉकी लीगचा करंडक, स्टॅन्ली कप, एका गोलाने गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या आपल्या तरुण खेळाडूंना सेंट लुईसच्या संघाने नेलं. आमच्या घरात यावरून अजून वाद होतो. मुलगा म्हणतो, पैसेच उरले नव्हते. मी म्हणतो, डोकं चालवलं नाही. बरोबर कोण?
— एक वाचक, शेरवुड पार्क

उत्तर : ऑगस्टपुरतं बोलायचं तर तुमचा मुलगा बरोबर आहे. जुलैपुरतं बोलायचं तर तुम्ही. आणि माझ्या मते ही सगळी गोष्ट जुलैतच घडून गेली होती.

मी याच शहरात लोकांच्या पगाराचे हिशेब करते, त्यामुळे मी आधी तारखा बघते. २७ जूनला जनरल मॅनेजर केन हॉलंड यांच्याशी क्लबने फारकत घेतली. नवे मॅनेजर स्टॅन बोमन आले २४ जुलैला. मधल्या काळात, म्हणजे १ जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडला तेव्हा, कारभार क्लबच्या हॉकी विभागाचे प्रमुख जेफ जॅक्सन यांच्याकडे होता. त्यांनी जेफ स्किनरला तीस लाख डॉलरवर घेतलं, व्हिक्टर आर्विडसनला वर्षाला चाळीस लाखांवर, आणि ॲडम हेन्रिकला वर्षाला तीस लाखांवर ठेवून घेतलं. शिवाय कॉनर ब्राउन, यानमार्क, कोरी पेरी. त्या आठवड्यात सगळं शहर खूश होतं. इथे जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, लोक अंगणात बसून पहिल्या फळीत कोण, दुसऱ्या फळीत कोण याच्या याद्या करत होते. मलाही ते करार एकेकटे वाईट वाटले नव्हते.

पण स्किनर, आर्विडसन आणि हेन्रिक या तिघांचे मिळून वर्षाला एक कोटी डॉलर झाले, आणि २०२४-२५ साठी प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा होती आठ कोटी ऐंशी लाख. त्यातच जॅक कॅम्पबेल या गोलकीपरचा २०२२ चा पाच वर्षांचा करार पैसे देऊन मोडला होता, त्याचा भार पुढली सहा वर्षं वाटून घ्यायचा होता. आणि दोन पोरांचे करार संपलेले असूनही ती तशीच टेबलावर राहिली. क्लबला वाटलं, ती कुठे जातात? हक्क आपल्याकडेच आहेत.

सेंट लुईसने हेच हेरलं. १३ ऑगस्टला त्यांनी दोघांनाही एकदमच ऑफर शीट, म्हणजे दुसऱ्या संघाच्या हक्कातल्या खेळाडूला कराराचा प्रस्ताव, दिली. ब्रोबर्गला वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर, हॉलोवेला २२,९०,४५७, दोन्ही करार दोन वर्षांचे. हे आकडे नीट बघा. नियमाप्रमाणे ऑफर जितकी मोठी, तितकी जुन्या संघाला भरपाई जास्त, आणि भरपाई म्हणजे ड्राफ्टमधल्या, म्हणजे दरवर्षी नवे तरुण खेळाडू वाटून घेतात त्यातल्या, निवडी. ब्रोबर्गची रक्कम एक डॉलरने वाढली असती तर दुसऱ्या फेरीच्या एका निवडीऐवजी पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची अशा दोन द्याव्या लागल्या असत्या. हॉलोवेची वाढली असती तर तिसऱ्या फेरीऐवजी दुसऱ्या फेरीची. दोन्ही रकमा त्या त्या टप्प्याच्या अगदी वरच्या कडेवर ठेवलेल्या. त्यात आणखी एक अट असते : निवड स्वतःचीच द्यावी लागते, दुसऱ्या संघाकडून आलेली चालत नाही. सेंट लुईसने आपली २०२५ ची दुसऱ्या फेरीची निवड आधीच पिट्सबर्गला देऊन टाकली होती. ती त्यांनी सौदा करून परत मिळवली आणि मगच ऑफर दिली. इतकी तयारी करून आलेल्या माणसाला मी चोर म्हणणार नाही. त्यांनी काम चोख केलं.

तीच रक्कम देऊन दोघांना ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला एडमंटनकडे सात दिवस होते. १८ ऑगस्टला त्यांनी कोडी सीसीला सॅन होजेला धाडलं, त्याचे साडेबत्तीस लाख मोकळे झाले. तेव्हा मला वाटलं, आता निदान एकाला तरी ठेवतील. २० ऑगस्टला दोघांनाही सोडल्याची बातमी आली.

दोघांची बेरीज होते ६८,७१,३७४ डॉलर. जूनमध्ये बोलणी उरकली असती तर दोघं याहून पुष्कळ कमी रकमेत राहिले असते, असं माझं ठाम मत आहे. ब्रोबर्ग २०२३-२४ च्या हंगामात बहुतेक काळ बेकर्सफील्डच्या दुय्यम संघात होता. त्याची खरी किंमत प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, दिसली, डॅलसविरुद्ध त्याला खेळवलं तेव्हा. हॉलोवेने त्याच प्लेऑफमध्ये पाच गोल केले. म्हणजे ही पोरं वाढतायत हे सगळ्या लीगने पाहिलं होतं, आणि त्यांचा करार आधी करायचा होता. मर्यादेच्या खेळात आधी वाढत्या वयाच्या खेळाडूला बांधून घ्यायचं, मग उरलेल्या पैशांत तिशी ओलांडलेले गोल करणारे बाजारातून आणायचे. इथे क्रम उलटा झाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हॉलोवेने सेंट लुईससाठी पहिल्याच हंगामात २६ गोल केले, गोल आणि गोलला केलेली मदत धरून एकूण ६३ गुण. स्किनरने आपल्याकडे १६ गोल केले आणि प्लेऑफमध्ये बहुतेक वेळ तो बाहेर बसला. मार्च २०२५ मध्ये बचाव भक्कम करायला आपण सॅन होजेकडून जेक वॉलमन आणला, आणि त्यासाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. ब्रोबर्ग गेला तेव्हा दुसऱ्या फेरीची मिळाली होती. एवढं होऊनही संघ २०२५ ला पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि पुन्हा फ्लोरिडाकडूनच, सहा सामन्यांत, हरला. त्यामुळे संघ बुडाला असं मी म्हणणार नाही. पण आपला सगळ्यात मोठा खेळाडू मॅकडेव्हिड याच्या भरातल्या वर्षांत स्वस्तातले दोन चांगले खेळाडू घालवणं मला आजही सहन होत नाही.

प्रश्न : मी आयपीएल बघणारा माणूस. क्लबचा मालक श्रीमंत असताना पदरचे पैसे घालून खेळाडू का ठेवत नाही? आणि करार संपल्यावर खेळाडू मोकळा नसतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मालकाचे हात बांधलेले असतात. २०२५ च्या महालिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते, त्यापुढे कुणालाच जाता आलं नाही. एनएचएलची मर्यादाही तशीच कडक आहे, फक्त ती एका लिलावाची नसून अख्ख्या वर्षाच्या पगाराची असते.

दुसरं, पहिला करार संपलेला तरुण खेळाडू अर्धाच मोकळा असतो. त्याच्या संघाने रीतसर प्रस्ताव दिला की हक्क संघाकडे राहतो. दुसऱ्या संघाने ऑफर शीट दिली आणि खेळाडूने सही केली, तर जुना संघ तीच रक्कम देऊन त्याला ठेवू शकतो. तुमच्या ओळखीचं राइट टू मॅच कार्ड जवळपास हेच करतं. फरक एवढाच की आयपीएलमध्ये कार्ड वापरलं नाही तर जुन्या संघाला काहीच मिळत नाही, इथे ड्राफ्टच्या निवडी मिळतात. आणि निर्णय हातोडा पडायच्या आत घ्यावा लागत नाही, आठवडा मिळतो. तोच आठवडा त्या ऑगस्टमध्ये आम्ही इथे रोज सकाळी बातम्या बघत काढला.

प्रश्न : मावशी, माझ्याकडे हॉलोवेची ऑयलर्सची जर्सी आहे, पाठीवर ५५. वर्गातली मुलं म्हणतात, तो पळून गेला, घालू नकोस. मी काय करू?
— सातवीतली वाचक, एडमंटन

उत्तर : बाळा, बिनधास्त घाल. तो पळून गेला नाही. त्याला कुणीतरी जास्त पगार आणि जास्त वेळ बर्फावर देऊ केला, आणि त्याने नियमाने सही केली. त्याला ठेवायचं की नाही हे त्यानंतर आपल्या क्लबने ठरवलं. त्याने ५५ नंबर घालून २०२४ च्या प्लेऑफमध्ये आपल्यासाठी जे पाच गोल केले, ते आपलेच आहेत. सेंट लुईसला गेल्यावर त्याने ८१ नंबर घेतला.

सेंट लुईसचा संघ दर हंगामात आपल्या रॉजर्स प्लेस या मैदानावर येतो. आईबाबांना त्या दिवशी लवकर निघायला सांग. सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी खेळाडू सरावाला उतरतात, तेव्हा पाहुण्या संघाच्या बाजूला काचेजवळ उभं राहायचं. तीच जर्सी घालून जा.