अ‍ॅटॅक्सिया आणि अ‍ॅटाव्हिझम: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा होता: तुर्कस्तानातल्या, चार पायांवर चालणाऱ्या भावंडांवरचा लेख मराठीत आणताना हे दोन शब्द कसे लिहावेत, आणि दोन्ही एकच का?

एकच नव्हेत. उच्चाराचे साम्य निव्वळ योगायोगाचे. अ‍ॅटॅक्सिया ग्रीक आहे: ‘टॅक्सिस’ म्हणजे व्यवस्था, तिचा अभाव. अ‍ॅटाव्हिझम लॅटिन ‘अ‍ॅटाव्हस’वरून आला, अ‍ॅटाव्हस म्हणजे खापरपणजोबांचे वडील. (आपल्याकडे त्या पिढीला सुटसुटीत नाव नाही, रोमनांकडे होते.)

अ‍ॅटॅक्सियाला ‘लकवा’ किंवा ‘अशक्तपणा’ लिहू नका, ही चूक फार होते. स्नायूंत जोर असतो, त्यांचा मेळ बसत नाही. पाय फाकवून चालणे, झोकांड्या जाणे, नाकाला बोट लावताना नेम चुकणे, बोलणे अडखळत व तुटक होणे, ही लक्षणे. बिघाड लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या बाजूचा, हालचालींचा मेळ घालणारा भाग) असेल तर डोळे उघडे असतानाही तोल जातो. पायांकडून येणाऱ्या संवेदनेत असेल तर नजर तोल सावरते, आणि डोळे मिटताच माणूस डगमगतो. ‘समन्वयभंग’ मला योग्य वाटतो. ‘तोल जाणे’ अपुरे आहे, कारण हात आणि वाचाही बिघडतात.

अ‍ॅटाव्हिझमसाठी ‘पूर्वजगुणांचे पुनरागमन’ लिहा. ‘पोरगा आजोबांवर गेला’ हा अर्थ इथे चालत नाही. उत्क्रांतीत लोप पावलेला गुण एखाद्याच जीवात पुन्हा उगवला पाहिजे. १९१९ साली व्हँकुव्हर बेटाजवळ मारलेल्या कुबड्या देवमाशाला मागचे पाय होते, ते नेमके उदाहरण. सगळ्याच माणसांत असणारे माकडहाड मात्र ‘अवशेषी अवयव’, म्हणजे पूर्वजांच्या शेपटीचा उरलेला अंश.

आता ती भावंडे. हाताय प्रांतातल्या या पाच जणांचे वर्णन तुर्की मेंदूशास्त्रज्ञ उनेर तान यांनी २००५ मध्ये केले आणि त्याला ‘उलटी उत्क्रांती’ म्हटले. तो दावा टिकला नाही. त्यांच्या लहान मेंदूची वाढ अपुरी आहे. गोरिला-चिंपांझी बोटांच्या सांध्यांवर भार देतात, ही भावंडे तळव्यांवर. शिवाय २०१४ च्या चाल-विश्लेषणात दिसले, की मागच्या पायानंतर ती बहुधा त्याच बाजूचा हात टेकतात. वानरकुळातले बहुतेक प्राणी विरुद्ध बाजूचा टेकतात. तेव्हा लेखात त्यांच्यासाठी ‘समन्वयभंग’च वापरा, आणि ‘पूर्वजगुण’ हा शब्द फक्त तान यांचे मत सांगताना, त्यांच्या नावासह.