लॉफुल गुड पॅलाडिन खेळायचा, पण टेबलावर कीर्तन नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात पाच जण मिळून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा टेबलावरचा खेळ) खेळता, एक डीएम (गोष्ट चालवणारा) आणि चार खेळाडू. तीन गॉब्लिन (छोटे राक्षस) हाती लागले, बाकीच्या तिघांना ते कापून टाकायचे होते, तुमच्या पॅलाडिननं (शपथेनं बांधलेला धर्मयोद्धा; तुमचा "लॉफुल गुड", म्हणजे नियम पाळणारा सज्जन) अडवलं आणि रविवारचा अर्धा खेळ भांडणात गेला. चुकलं कुठे?

अडवण्यात चुकलं. दया तुमची आणि तिचा भुर्दंड चौघांना, असं झालं की कुणीही चिडणारच. सीताबर्डीच्या चौकातल्या हवालदारासारखं शिट्टी वाजवत उभं राहण्यापेक्षा कैद्यांना जामीन राहा. "मारू नका" म्हणण्याऐवजी म्हणा, "हे तिघे माझ्या जिम्म्यावर. दोर माझा, पहारा माझा, पळाले तर पकडून आणायची जबाबदारीही माझी."

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो. खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांतले आहेत.

हातघाईच्या वारानं शत्रूचे एचपी (जीवाचे गुण) शून्यावर आले की त्याच क्षणी "बेशुद्ध करतो" म्हणता येतं. त्यासाठी आधी जाहीर करावं लागत नाही, फाशावर दंडही नाही. (जुन्या 3.5 आवृत्तीवाल्यांच्या डोक्यात तो उणे चार अजून बसलेला असतो.) पण बाण किंवा फायरबॉलच्या मंत्रानं हे होत नाही. म्हणून शेवटचा गडी राहिला की धनुर्धारी मित्राला सांगा, "हा मला सोड." बेशुद्ध पडलेला आपोआप 1d4 (चार बाजूंच्या फाशावर पडेल तितक्या) तासांनी 1 एचपीवर जागा होतो. एवढा वेळ नसेल तर ले ऑन हँड्समधला (पॅलाडिनची हात ठेवून बरं करायची शक्ती) एक एचपी त्याच्यावर खर्च करा, लगेच शुद्धीवर येईल.

मग बांधणं. तागाचा दोर 1 सोन्याच्या नाण्याला 50 फूट मिळतो, तोडायला ताकदीची डीसी 17 (फासा आणि ताकद मिळून निदान इतकं हवं). गॉब्लिनची ताकद उणे एक, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 18 किंवा जास्त हवं. प्रत्येक प्रयत्नाला 15 टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण रात्रभरात डीएमनं पाच-सहा प्रयत्न करू दिले की निम्म्याहून जास्त वेळा एखादा सुटतोच. म्हणून पहारा खरंच द्या, आणि तो तुमच्या पात्रानंच द्यायचा.

"मारलं नाही तर एक्सपी (अनुभवाचे गुण) बुडेल" ही तक्रार हमखास येते. नियमात मारणं, पळवून लावणं आणि पकडणं तिन्ही सारखंच धरलंय. तीन गॉब्लिनचे 150 एक्सपी जिवंत पकडले तरी मिळतात. डीएमला हे एकदा सर्वांसमोर बोलायला लावा, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

पॅलाडिन म्हणजे पोलीस, ही समजूत जुन्या नियमांतून आलीय. 1978 च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीत त्याला लॉफुल गुडच असावं लागे, वाईट पात्रांसोबत राहायचीही मनाई होती. आता त्याला फक्त शपथ बांधते. तुमच्या शपथेत नसलेली गोष्ट रोगवर (टोळीतल्या चोर पात्रावर) लादू नका. तो खिसा कापतो तेव्हा हात धरू नका. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या थैलीतून पैसे परत करा आणि ते त्याला दिसू द्या. बघा कसा चडफडतो तो! आणि "माझं पात्र असंच वागतं" ही सबब तर वापरूच नका. पात्र तुम्हीच लिहिलंय ना भाऊ.

एक काम मात्र डीएमचं आहे. सोडलेला प्रत्येक गॉब्लिन फौज घेऊन परत आला, तर चौथ्या सत्रापर्यंत तुम्हीही गळे कापायला लागाल. खेळाबाहेर, चहा घेताना डीएमना विचारा: सोडलेल्यांतला एखादा कधी वाट दाखवायला, निदान पुढच्या सापळ्याची खबर द्यायला येईल का? "नाही" म्हणाले, तर या मोहिमेत पॅलाडिनऐवजी दुसरं काहीतरी घ्या.