इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये मुलींना मुलांइतकी संधी मिळते का? रात्रीच्या कामामुळे घरचे नको म्हणतात.

१२ वर्षं पुण्यात हेच करतेय, लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम दोन्ही. तू २० वर्षांची आहेस असं लिहिलंयस, म्हणून अगं-तुगं करते.

मुली या धंद्यात भरपूर आहेत, पण त्यांना उभं कुठे करतात ते बघ. पाहुण्यांचं स्वागत, खोल्यांचं वाटप, रुसलेल्या आत्याबाईंची समजूत हे आपसूक मुलीकडे येतं. स्टेज, लाइट, साउंड, जनरेटर, म्हणजे प्रॉडक्शन, मुलांकडे जातं. आणि व्हेंडरशी भाव करणारा, बजेट हातात असणारा माणूस मी तरी बहुतेक वेळा प्रॉडक्शनमधूनच वर आलेला पाहिलाय.

एकदा रात्री दोनला लॉनवर जनरेटरवाला आला. लोडचा कागद माझ्या हातात, तरी त्याने माझ्या मागच्या पोराला विचारलं, "साहेब, केबल कुठून ओढू?" पोरगं १५ दिवसांपूर्वी लागलेलं, ते माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "साउंडची लाइन लाइटपासून वेगळी घ्या, नाहीतर उद्या स्पीकर गुणगुणत बसतील." पुढच्या कामाला त्याचा फोन थेट मला आला. (हे मला कुठल्या कोर्सने नाही, एका म्हाताऱ्या साउंडवाल्या काकांनी शिकवलं.)

घरच्यांची काळजी खोटी नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि दारापर्यंत गाडी हवी. पण लहान कंपन्या त्यातून सुटतात आणि फ्रीलान्सर मुलीला कुणी विचारत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत पहाटे चारला "रिक्षा मिळेल गं" एवढंच म्हणायचे. म्हणून मुलाखतीतच विचार: रात्री सोडतं कोण? साइटवर बायकांसाठी टॉयलेट असतं का? पाळीच्या दिवसांत मोकळ्या मैदानावर १६ तास काढलेस की हा प्रश्न किती मोठा आहे ते कळतं. आणखी एक, १० किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, इंटर्न असलीस तरी.

कोर्सची फी लगेच भरू नकोस. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, तेव्हा एखाद्या प्रॉडक्शन टीमबरोबर महिनाभर काम कर, आणि एकदा तरी मांडव उतरेपर्यंत थांब.